एक केबीचं गाणं

या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, पण करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… माफ करा, आमच्या घरात असलं काही चालायचंच नाही. वडील विज्ञानाचे शिक्षक, अमावास्येला मुद्दाम आमच्याकडून नखं कापून घ्यायचे. पुढे मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडले, आणि तिथे तर भुताखेतांना जागाच नसते. मशीन चालत नाही म्हणजे काहीतरी सैल आहे, काहीतरी जळलंय, नाहीतर माणसाने काहीतरी उद्योग करून ठेवलाय. चौथं कारण मला आयुष्यात एकदाच भेटलं. तेही भर दुपारी, धुळ्यात, मे महिन्यात.

१९९९ साल. मी जळगावला एका छोट्या दुकानात हार्डवेअरचं काम बघायचे. बाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली म्हटलं की गिऱ्हाईक आधी माझ्या मागे बघायचं, साहेब कुठे आहेत म्हणून. मी कॅबिनेट उघडून कामाला लागले की मग चहा यायचा. मी दुरुस्त केलेलं एकही मशीन दुकानात परत आलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी चारचौघांत सांगतही असे. गर्व होता, खोटं कशाला बोलू!

धुळ्याच्या सुजाताने आमच्याकडून जुना कॉम्प्युटर घेतला होता. देवपुरात घरी बसून ती लग्नपत्रिका आणि कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायची. तिचा फोन आला. “ताई, गाणी वाजवायचा प्रोग्राम उघडतो, रेघ सरकते, आकडे पळतात… पण आवाज काही येत नाही. आणि मधेच सगळं अडकून बसतं.”

“मग टेपवर ऐक की गाणी,” मी म्हटलं.

“टेपवर नाही ना ताई ते आता. आबांचं गाणं आहे. पंधरा दिवसांवर माझं लग्न आलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत दहाच्या सुमारास मी तिच्या दारात. जयभीम-नमस्कार झाले, आणि पाण्याचा पेला हातात येईपर्यंत सगळी कथा कळली.

आबा म्हणजे सुजाताचे वडील. सूतगिरणीत नोकरी आणि रविवारी गायन पार्टी. भोवतालच्या गावांतून त्यांना लग्नाचं बोलावणं असायचं ते एका गाण्यासाठी. लेक सासरी निघताना म्हणायचं गाणं, आबांनी स्वतः अहिराणीत रचलेलं. त्याची एक रीत होती. शेवटच्या कडव्यात ज्या नवरीचं लग्न, तिचं नाव घ्यायचं. नुसतं घ्यायचं नाही, अंगणात उभं राहून घरातल्या लेकीला मारावी तशी हाक मारायची. त्या हाकेला म्हणे नवरदेवाकडची माणसंसुद्धा डोळे पुसायची. असं त्यांनी शेकडो लेकींना वाटेला लावलं… आणि चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून आबा पाटीवर खडूने लिहून बोलायचे. ज्या माणसाने सगळ्या जगाच्या लेकींना हाक मारली, त्याची स्वतःची लेक आता बिन हाकेची जाणार होती.

उरली होती एक कॅसेट. पारोळ्याच्या शोभा नावाच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी भरलेली. सुजाताने ती क्लासमधल्या मैत्रिणीच्या मदतीने कॉम्प्युटरवर घेतली, आणि हे पुण्य पदरात पडतंय तोवर डेकने फीत गिळली. तुकडे तुकडे.

“शेवटी शोभाचं नाव येतं,” सुजाता म्हणाली. “तेवढं कापून टाकता येईल का? नावाशिवाय चालेल मला.”

“नाव कापू, खोकला कापू, तू फक्त सांग,” मी म्हटलं. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आबा हसले. हसण्याचा आवाज नाही, फक्त खांदे हलले. मला ते एकदम आवडले.

कामाला लागले. प्रिंटर आणि साउंड कार्ड दोघंही आतून एकाच नंबरवर बसले होते. एका खुर्चीवर दोन पाहुणे, मग बोलणार कोण? कार्डाचा नंबर बदलला. स्पीकरमधून विंडोजची सलामी वाजली तशा सुजाताच्या आई, म्हणजे अक्का, आतून डोकावल्या. “बठ्ठं बरोबर व्हयनं का वं माय?”

“सगळं होतंय अक्का!”

पण प्रोग्राम अडकायचा तो अडकतच होता. तपासलं तर व्हायरस, सिस्टीमच्या निम्म्या फाइली खाऊन बसलेला. यावर माझ्याकडे एकच रामबाण होता, फॉरमॅट. सगळं पुसायचं, नव्याने घालायचं.

“बॅकअप?” मी विचारलं.

“घेतलाय ताई!” सुजाताने फ्लॉपी दाखवली. निळी, वर सुवाच्य अक्षरात ‘आबांचं गाणं’. माझा स्वतःचा नियम असा की बॅकअप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही. पण साडेअकरा झाले होते, मला तीनची एसटी गाठायची होती, आणि पोरगी इतकी नीटनेटकी… मी पाहिलं नाही. डिस्क पुसली.

बरोबर आणलेल्या फ्लॉप्यांवरून सिस्टीम चढली, साउंड कार्डाचा ड्रायव्हर चढला, गाण्यांचा प्रोग्राम चढला. या सगळ्यात मशीन चार-पाचदा बंद-चालू केलं असेन, हे लक्षात ठेवा. सुजाता भाकरी टाकायला आत गेली. दीडच्या सुमारास मी फ्लॉपी आत सरकवली आणि उघडली.

गाण्याचं चित्र दिसलं. चित्राच्या कोपऱ्यात एक बारका वाकडा बाण. आकार — एक केबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर.

मी फ्लॉपी काढून पुन्हा घातली, तोच बाण. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो बाण म्हणजे शॉर्टकट. गाणं नव्हे, गाण्याचा पत्ता. सुजाताने स्क्रीनवरचं चित्र उचलून फ्लॉपीवर पाठवलं होतं, आणि चित्र गेलं म्हणजे गाणं गेलं असं तिला वाटलं. तेव्हा कितीतरी लोक ही चूक करायचे. पण चार मिनिटांचं गाणं फ्लॉपीवर मावतच नाही, हे मला कळायला नको? पत्ता हातात होता, आणि घर मीच दोन तासांपूर्वी जमीनदोस्त केलं होतं. एका माणसाचा जगात उरलेला सगळा आवाज मी पुसला होता. आजही हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

मागे खुर्ची सरकली. आबा येऊन शेजारी उभे राहिले. पाटीवर लिहिलं, “लावा ना.”

काय सांगणार होते मी? वाटलं, डबल क्लिक करू, स्क्रीनवर ‘फाइल सापडत नाही’ अशी पाटी येईल, आणि त्या पाटीच्या आडून सांगता येईल. भित्रेपणाच तो, दुसरं काय. क्लिक केलं.

प्रोग्राम उघडला. आकडे पळायला लागले.

आधी कॅसेटची खरखर, मग पेटी, मग ढोलकी. आणि मग आबा… असा मोकळा, भरदार गळा, की माझा हात माउसवरून आपोआप सुटला. पहिला विचार आला, शेजारी लग्न असेल, लाऊडस्पीकर असेल. स्पीकरला हात लावून पाहिला, थरथरत होता. वायर खेचली, गाणं थांबलं. लावली, पुन्हा सुरू. सीडी ड्राइव्ह त्या मशीनला नव्हताच. मी फिरून फिरून तो एक केबीचा आकडा वाचत होते, आणि आबा डोळे मिटून टेबलावर ठेका धरत होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सुजाताला काय माहीत! तिच्या हिशेबी ताईंनी मशीन दुरुस्त केलं, गाणं लागलं, संपलं काम.

शेवटचं कडवं आलं. “या घरनं दार तुले उघडं शे…” आणि ढोलकी थांबली, आणि आबांनी हाक मारली.

“सुजाता!”

शोभा नाही. सुजाता. शोभा दोन अक्षरांचं नाव, हे तीन अक्षरांचं, म्हणून मधला ‘जा’ लांबवून तालात बसवलेलं. आणि त्याच क्षणी आतून, भाकरी थापता थापता—

“आले, आबा!”

पिठाचे हात घेऊन ती दारात आली आणि तिथेच थबकली. चार वर्षांत त्या घरात अशी हाक कुणी ऐकली नव्हती. तिने आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कोण… कोणी हाक मारली मला?” आबांनी डोळे उघडले होते. त्यांनी पाटी ओढून लिहिलं, “हे मी कधीच म्हटलेलं नाही.”

मग अक्का बाहेर आल्या, सगळेच रडले, आणि मीही रडले. गाणं संपलं होतं. मी पुन्हा क्लिक केलं. पाटी आली — फाइल सापडत नाही. पुन्हा, पुन्हा, दहा वेळा. तीच पाटी.

तेव्हा कुठे मी सगळं कबूल केलं. फॉरमॅट, बाण, न पाहिलेला बॅकअप. शिव्या खायची तयारी ठेवली होती. सुजाताने हातावरचं पीठ झटकलं, मग म्हणाली, “म्हणजे पुन्हा नाही ऐकू येणार?” “नाही,” मी म्हटलं. तिने पदराने आबांचे डोळे पुसले आणि आत गेली. तव्यावरची भाकरी करपली होती.

तीनची एसटी गेली. ती डिस्क मी जळगावला नेली, दोन दिवस पुसलेलं उकरून काढणारे सगळे प्रोग्राम चालवले. पत्रिकांचे तुकडे निघाले, कुणाच्या प्रोजेक्टची प्रस्तावना निघाली, आवाजाचा एक कणही नाही. लग्नाला मी गेले होते. पार्टीतल्या जुन्या माणसांनी ते गाणं म्हटलं, आबा पेटीवर बसले. शेवटच्या कडव्याला मात्र त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हाकेची जागा मोकळी सोडली, आणि मांडवात कुणाला त्याचा अर्थ कळला नसेल, पण सुजाताने मान डोलावली.

आता तुम्ही जे म्हणणार आहात ते मला माझे मित्र केव्हाच म्हणून झालेत. मेमरीत राहिलं असेल. मशीन पाचदा बंद केलं होतं, मेमरीत काय राहतंय? डिस्कवर कुठेतरी दडलं असेल. असेल, तर मग त्यात शोभाचं नाव हवं. अपराधी वाटल्यामुळे तुझ्या मनाने नाव बदललं असेल, असंही एकीने सांगितलं, आणि ते मला बरंच पटतं. मी भुतांवर आजही विश्वास ठेवत नाही. अमावास्येला नखं कापते. मला भास झाला असं तुम्ही खुशाल समजा, मी वाद घालणार नाही.

फक्त मला एवढं सांगा, तिने ओ कोणाला दिली?