केळ्याचा वास

नात नखं रंगवत बसली होती. "आबा, केळ्यासारखा वास येतोय बघा," म्हणत तिनं बोटं माझ्या नाकाशी धरली. मला काहीच वास आला नाही. सगळी नोकरी कुरकुंभला केमिकलच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली, तिथंच कधीतरी नाकही गेलं. तरी तिच्या त्या बोलण्यानं मी शिरूरच्या आमच्या लहानशा कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो.

पहिल्या एसटीनं उपाशीपोटी आलेले मी आणि सलीम एकाच टेबलावर होतो. सलीमनं तापवलेली परीक्षानळी बीकरमधल्या गार पाण्यात ओतली आणि त्या पत्र्याच्या खोलीत पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला. ॲसिडचा उग्र वास कुठल्या कुठं गेला. पोटात आग पडली. सरांनी नळीत काय तयार झालंय ते विचारलं, तर मी नुसत्या वासावरून सांगितलं, "एस्टर, सर."

सर हसले. "या नाकावर तुला कुरकुंभला नोकरी लागंल."

आनंदानं मी सलीमच्याच पाठीत धपाटा घातला होता. नोकरी लागली. त्यालाही तिथंच लागली.

संध्याकाळी त्याला फोन करून लॅबमधल्या त्या केळ्याच्या वासाची आठवण काढली. तोही आता दौंडला घरीच असतो. विचारलं, "तुला तरी येतो का रं कसला वास?"

"न्हाई गड्या, कवाच गेला," तो म्हणाला. "पर त्या दिवशीची भूक अजून आठवती."