आठ-आठ दिवसांचं टेबल

माझ्या सख्ख्या बहिणीला मी चौसष्ट दिवस एका खोलीत ठेवलं होतं.

कुलूप लावलं नव्हतं. गरजच पडली नाही. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं.

आज अक्काला जाऊन चार वर्षं झाली. दरवर्षी मी फोटो टाकतो, तुम्ही सगळे 'मिस यू अक्का' लिहिता. यंदा खरं काय ते लिहितोय. वाचवत नसेल तर पुढं जा, राग नाही.

अक्का हायस्कूलला गणित शिकवायची. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायची. मी आज ज्युनियर कॉलेजला गणित शिकवतो ते तिच्यामुळंच.

अकरावीत एक्स्पोनेन्शियल फंक्शन माझ्या डोक्यावरून जात होतं. तर ही बाई ताकाचा तांब्या घेऊन बसली. निम्मं पी, तेवढंच पाणी ओत. परत निम्मं पी, परत पाणी.

"ताक संपलं का?"

"नाही. निम्मं निम्मं होतंय नुसतं."

"व्हय. ग्राफ खाली खाली जाणार, पण शून्याला टेकणार न्हाय. मग ह्याला ताक म्हणायचं का पाणी? ते ग्राफ सांगत न्हाय बाळा. कुटं थांबायचं ते माणसानं ठरवायचं."

त्या धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क पडले. तिचं ते शेवटचं वाक्य तेवढं मी ऑप्शनला टाकलं.

मग तिला थायरॉइडचा कॅन्सर झाला.

पुण्यात ऑपरेशन झालं, नंतर किरणोत्सारी आयोडीन दिलं. काही दिवस अंगातून किरणं बाहेर पडतात, म्हणून लहान मुलांपासून लांब राहायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा दिवस. आणि पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे ते लवकर बाहेर पडतं.

माझी सई तेव्हा दोन वर्षांची. आत्याच्या कडेवरच वाढलेली. आत्यानं भरवल्याशिवाय घास गिळायची नाही.

मी घाबरलो. लई घाबरलो. लोक घाबरले की नवस बोलतात, मी टेबल काढलं.

आयोडीनचं हाफ-लाइफ आठ दिवस.
आठव्या दिवशी पन्नास टक्के.
सोळाव्या दिवशी पंचवीस.
चोविसाव्या दिवशी साडेबारा.

असं खाली खाली. कागद चिकटपट्टीनं अक्काच्या दारावर लावला.

सोळाव्या दिवशी बायको म्हणाली, "झाले की पंधरा दिवस. उघडा आता."

मी कागदावर बोट ठेवलं. "पंचवीस टक्के शिल्लक आहे अजून."

चाळिसाव्या दिवशी ती परत म्हणाली. "तीन टक्के," मी म्हणालो. "शून्य कुठं झालंय?"

अक्का सई झोपली की बाहेर यायची, तो कागद वाचायची. एकदा हसत म्हणाली, "ह्यात पाणी कुटं हाय रे? आठ दिवस बाटलीतल्या आयोडीनला लागतात. मी इतकं पाणी ढोसतेय, ते काय नुसतं शोभेला? नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय आणि सोलापूरचा माणूस पाणीच विसरला!"

बरोबर होतं तिचं. शरीरातून ते कितीतरी लवकर निघून जातं.

आणि मी विसरलो नव्हतो. पाणी हिशोबात धरलं असतं तर दार उघडावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी सई त्या दारापाशी दुपारभर रडली. मग दोघींनी खेळ काढला. सई बाहेरून एकदा टक करायची. अक्का आतून दोनदा. परत एकदा केलं की चारदा, मग आठदा. सई खिदळायची. बाई आतूनसुद्धा शिकवतच होती.

मी सईला उचलून घेऊन यायचो. दर वेळी.

मग सईचं रडणं निम्मं झालं. मग त्याच्याही निम्मं. त्याचं टेबल मी काढलं नाही.

एक दिवस ती दारापाशी गेलीच नाही. अक्कानं आतून एकदा टक केलं. थांबली. परत एकदा टक. मी पेपर वाचत बसलो होतो, पान उलटलं नाही.

चौसष्टाव्या दिवशी, टेबलात अर्धा टक्काही उरला नाही तेव्हा, दार उघडलं. अक्का खाली फरशीवर बसली होती, दोन्ही हात पुढं करून.

सई आईच्या मागं लपली.

"कोण?" म्हणाली.

अक्का म्हणाली, "असू दे. घाई न्हाय." मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घाई करायला हवी होती. तीन आठवड्यांत तिला दम लागायला लागला. फुफ्फुसात पसरलं होतं. पुण्याला नेली ती घरी आलीच नाही. त्या तीन आठवड्यांत सई अक्काच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची. त्याच्या आत एकदाही गेली नाही.

दरवर्षी हा धडा येतो. भर दुपारी, साठ पोरं समोर. मी फळ्यावर रेघ अक्षाच्या जवळ जवळ नेतो आणि मागून टक ऐकू येतं. एकदाच. मग कुणीतरी वाट बघत थांबल्यासारखं वाटतं. यंदा मी खडूनं फळ्यावर उलट टक केलं. पोरं हसली. पुढं मला शिकवता आलं नाही.

सई आता सहा वर्षांची आहे. आज सकाळी फोटो पुसताना म्हणाली, "बाबा, मला आत्या आठवतच नाही. असं कसं?"

इतकी वर्षं 'तू लहान होतीस' म्हणून भागवलं. आज सगळं सांगितलं. टेबल, दार, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. रागानं नाही, गणितातली शंका विचारावी तसं विचारलं, "मग तू उघडलं का नाहीस?"



अक्का, सोळाव्या दिवशीच उघडायला हवं होतं. तेव्हाच कळत होतं मला. चुकलो गं.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.