वैशालीच्या गाडीला आम्ही क्लच बसवला

मित्रांनो, डोकं फिरलंय, म्हणून गॅरेजातून सरळ सायबर कॅफेत आलोय.

चाळीसगावच्या अप्पांची परदेशी ऑटोमॅटिक गाडी आम्ही गिअरची केली. बिघडली नव्हती. त्यांची मुलगी वैशाली ती मस्त चालवायची. अप्पांचा हट्ट, आणि काम बघायला वैशाली रोज गॅरेजात येईल म्हणून मीही खुशीत.

आज ती चालवायला बसली. पोलिओने अधू झालेल्या डाव्या पायाने क्लच दबेचना.

अप्पा हसले, "लई एकटी फिरस ना? आते बस घरमा!"

मी अप्पांवर धावलो, गॅरेजच्या मालकाने दंड धरून ओढलं. वैशाली मलाच म्हणाली, "तुला तर माझा पाय माहीत होता ना रे?"

काढलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मालक उद्या भंगारात देणार. तिच्या गाडीला परत बसवेपर्यंत तो लपवायला कोणाकडे जागा आहे? जड आहे, दोघं तरी या.