कोपराला गुंडाळलेली केबल

सोनोग्राफीच्या मशिनी दुरुस्त करणं हा माझा धंदा. मंचरात भाड्याची खोली, एक मोटरसायकल आणि हत्यारांची पेटी. हातात उचलून नेता येतील अशा मशिनी आल्या, तेव्हा त्यातली एक मी जुन्नरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बसवली. वर्षभरात तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, चित्रात मधोमध काळा पट्टा येतोय, लगेच या.

पोचलो तर टेबलावर घाटघरची एक बाई होती. आठवा महिना. काल दुपारपासून बाळ हललं नव्हतं, ठोकेही कानाला नीट लागत नव्हते, आणि चित्रात बाळाची छाती नेमकी त्या पट्ट्यात जात होती.

मशीन टेबलाभोवतीच्या पडद्याबाहेर घेतली. पोटावर फिरवतात तो प्रोब. त्याच्या तोंडाशी स्फटिकाच्या शंभरावर बारीक पट्ट्या असतात. विजेचा झटका बसला की पट्टी थरथरते आणि आवाज सोडते. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण अंगात शिरतो आणि आपटून परत येतो. परतल्यावर तीच पट्टी हलते आणि वीज तयार करते. किती वेळात परतला यावरून मशीन खोली काढते, विहिरीत खडा टाकून पाणी किती खाली ते ताडतात तसं. परतलेल्या आवाजाची एक रेघ उमटते; अशा रेघा शेजारी शेजारी मांडल्या की झालं चित्र. प्रत्येक पट्टीला वेगळी तार, आणि साऱ्या तारा एकाच केबलमध्ये. तार तुटली की तिची पट्टी मुकीही होते आणि बहिरीही.

प्रोब माझ्याच हातावर ठेवून केबल चाचपली. प्रोबच्या मानेपाशी, केबल आत शिरते तिथं, सरळ ताणली की पट्टा जायचा, सोडली की परत हजर. आतल्या तारा वाकून वाकून तुटल्या होत्या.

"केबल गुंडाळतं कोण?"

"मी," आयामावशी म्हणाल्या, आणि पंजा ते कोपर असे घट्ट वेढे घालून दाखवले.

माझा पारा चढला. "मावशी, हा काय बैलाचा कासरा आहे?"

"साहेब, मशीन बसवली त्या दिशी तुमीच अशी गुंडाळून दावली व्हती. मी रोज तशीच गुंडाळते."

खरं होतं. मी शेतकऱ्याच्या घरातला, कासरा गुंडाळायची सवय हातातून गेलीच नव्हती. मोठे, सैल वेढे घालायचे, हे सांगायचं राहून गेलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

"चूक माझी आहे," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. नवी केबल यायला आठवडा लागणार होता. मशीन आत सरकवली आणि मावशींना जागा दाखवली. "इथं दोन्ही हातांनी सरळ धरा. सोडू नका."

मी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मग आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बघ, लुकलुकतंय ना, ते बाळाचं हृदय. चांगलं चाललंय." ती बाई रडायला लागली.

"मावशी, सोडा आता केबल. हात भरून आले असतील," मी पडद्याबाहेरून म्हणालो.

"नाय," मावशी म्हणाल्या. "तिला अजून बघू द्या."