पिनकोड हलत नाही

मामांनी आयुष्यात कोणाला रस्ता विचारला नाही. डिलाईल रोडवर पोस्टमन म्हणून तेहतीस वर्षं काढल्यावर तो त्यांना कमीपणा वाटे. गावी लग्नाला जाताना एकदा आम्ही भलत्याच वाडीत शिरलो. समोर ओळीने घरं होती, ओट्यावर माणसं बसली होती. मामा एकालाही न विचारता पुढे चालत राहिले. "ह्यांका इचारूची लाज वाटता," मामी मागून म्हणाल्या. मामांनी मान न वळवता उत्तर दिलं, "पोस्टमन विचारायला लागला तर लोकांनी कोणाकडे बघायचं?"

त्यांचा विश्वास फक्त पिनकोडवर होता. त्याला कारण होतं. ते नोकरीला लागले तेव्हा निम्म्या पत्रांवर 'गिरणीच्या गेटासमोर' असं लिहिलेलं असे. पुढे गेट गेलं, गिरणी गेली, चिमणी पाडली, तिथे चाळीस मजल्यांचे टॉवर झाले. कोकणातून येणाऱ्या पत्रांवर मात्र 'गिरणीच्या गेटासमोर' तसंच राहिलं, आणि नसलेल्या गेटासमोरच्या खोल्यांत मामा ती पत्रं पोचवत राहिले. "खुणेचा काय भरवसा?" ते म्हणत. "आज आहे, उद्या बिल्डर घेऊन जाईल. पिनकोड हलत नाही. मुंबई तेरा ती मुंबई तेराच."

निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. नवा माणूस भेटला की त्याचं आडनाव विचारण्याआधी ते पिनकोड विचारत. गिरगावातला म्हटला की "म्हणजे चार," दादरचा म्हटला की "पूर्व की पश्चिम? चौदा की अठ्ठावीस?" आम्ही हसायचो. मामा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी अजूनही पाकिटावर सगळ्यात आधी पिनकोड लिहितो आणि मग वरचा पत्ता.

ही गोष्ट मामा होते तेव्हाची. त्यांची एकुलती एक मुलगी मेघा नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि तिथे गॅरेथ नावाच्या वेल्समधल्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. लग्न गॅरेथच्या काकांच्या शेतावर होतं. मामी महिनाभर आधी गेल्या. मामांचा व्हिसा अडकला, तो हातात पडला तेव्हा लग्नाला दोन दिवस उरले होते. त्यांना एकटं पाठवायचं नाही असं ठरलं आणि भाचा म्हणून मी बरोबर निघालो. आदल्या संध्याकाळी मेघाचा फोन आला. ती शेतापर्यंतचा रस्ता समजावून सांगू लागली. मामांनी तिला मध्येच थांबवलं.

"पिनकोड सांग गो. बाकी राहू दे."

"बाबा, इथे पिनकोडने काम होत नाही. ऐका जरा..."

"तूच म्हणाली होतीस ना, तिकडे एका गल्लीला एक पिनकोड असतो? मग झालं तर. आमच्याकडे एका पिनकोडात अख्खा डिलाईल रोड असतो, तरी मी पोचवत होतो."

विमान सकाळी साडेसातला उतरलं. भाड्याची गाडी ताब्यात घेऊन निघायला नऊ वाजले. लग्न दोन वाजता होतं. रजिस्ट्रारबाईंना पुढचं लग्न दुसऱ्या गावात लावायचं होतं, त्यामुळे त्या फार तर अडीचपर्यंत थांबणार होत्या. त्या निघून गेल्या असत्या तर नवी तारीख मिळायला काही आठवडे लागले असते, आणि मामांचं परतीचं तिकीट आठवड्यानंतरचं होतं. आपण नसलो तर मेघा सही करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मामी मुंबईतच विसरून गेलेल्या मुंडावळ्यांचा डबा मांडीवर धरून ते पुढच्या सीटवर बसले. गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात पिनकोड त्यांनी स्वतः घातला, एकेक अक्षर दोनदा तपासून.

चार तास यंत्राने चोख काम केलं. प्रत्येक वळणाला मामा मान डोलवत होते. "बघ, एका माणसाला विचारलं नाही," वेल्समध्ये शिरल्यावर ते म्हणाले.

एक वीसला एका अरुंद रस्त्यावर यंत्रातली बाई म्हणाली, आपण पोहोचलात. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं कुंपण होतं. एका फाटकातून मेंढ्या दिसत होत्या. घर नव्हतं.

"मामा, इथे?"

"ती म्हणतेय ना," मामा म्हणाले. पण त्यांनी दार उघडलं नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. पुढे एक फाटक लागलं, आत शेतघर होतं. मी उतरायला लागलो तेव्हा मामांनी दंड धरला. "आधी कुत्रं बघ, मग कडी काढ." कुत्रं होतं, बांधलेलं होतं. घरात माणूस नव्हता. दुसऱ्या शेतघरातही कोणी नव्हतं. आसपासची सगळी माणसं बहुधा लग्नालाच गेली होती. पावणेदोन झाले, मग दोन. आम्ही त्याच मेंढ्यांसमोर तिसऱ्यांदा आलो.

"मेघा फोनवर अजून काय सांगत होती?" मी विचारलं.

मामांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "चॅपल की काय. आणि कसलं तरी मोठं झाड. पुढचं मी ऐकलं नाही रे."

तेवढ्यात समोरून टपालाची लाल गाडी आली. मामा मुंडावळ्यांचा डबा घेऊन खाली उतरले आणि सूटबुटात रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाडी थांबली. हाफ पँटमधला पन्नाशीचा पोस्टमन काच खाली करून बघू लागला. मामा त्याच्यापाशी गेले. "सर, आय अ‍ॅम ऑल्सो पोस्टमन. फ्रॉम बॉम्बे," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी रस्ता विचारला.

तो माणूस मोठ्याने हसला. या पिनकोडात नऊ शेतं आहेत, त्याने सांगितलं, आणि यंत्र सगळ्यांना या मेंढ्यांपाशी आणून सोडतं. पत्रावर शेताचं नाव असलं तरी आपण जातो ते झाडं बघूनच. मग त्याने अरुंद रस्त्यात सफाईने गाडी वळवली आणि मागे या अशी खूण केली.

चॅपल, म्हणजे एक छोटंसं चर्च, टेकडीच्या पलीकडे होतं. त्याच्या पुढे वळणावर ओकचं झाड होतं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. मामांनी काच खाली करून ते नीट पाहून घेतलं. "हलवलं नाही कोणी," ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा दोन पंचवीस झाले होते. मेघा शालू नेसून फाटकाबाहेर चिखलात उभी होती.

"बाबा, किती सांगत होते मी!"

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "शेवटी रस्ता विचारला."

"इचारलास?" मामी मागून म्हणाल्या. "आता देवाक नारळ देऊक होयो."

रजिस्ट्रारबाईंनी कोट घातला होता. आम्हाला पाहून त्यांनी तो काढून ठेवला. मामींनी उभ्याउभ्याच मुंडावळ्या बांधल्या. सही करण्याआधी नोंदीचा कागद मोठ्याने वाचून दाखवायची तिथे पद्धत होती. वधूचं नाव झालं, वराचं झालं, मग वधूच्या वडिलांचं आणि त्यापुढे त्यांचा व्यवसाय आला.

"माझं काय लिहिलंय गो?" मामांनी हळूच विचारलं.

"सरकारी नोकर, निवृत्त. बाबा, आता वेळ नाहीये."

"पोस्टमन लिहायला सांग."

मेघाने सांगितलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, शब्द बदलला आणि विचारलं की पुढे 'निवृत्त' ठेवायचं ना. हे मामांना मराठीत सांगावं लागलं नाही. फाटकापाशी लाल गाडी अजून उभी होती आणि तो हाफ पँटवाला कुंपणावर रेलून लग्न बघत होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नो मॅडम," ते म्हणाले. "ओन्ली पोस्टमन."

बाईंनी तसं लिहिलं. मग लग्न लागलं.