आईवरचा माहितीपट

बदलापूरच्या माझ्या मित्राने स्वतःच्या आईवर छोटा माहितीपट केला. स्वतंत्र सिनेमे मी भरपूर बघतो, म्हणून त्याने तो आधी मला दाखवला. त्यात काकू मांजर्ली भागातल्या घरी भाकरी थापताना चार मिनिटं नुसत्या गुणगुणत होत्या. घरच्यांवरच्या माहितीपटांत माया असते, कात्री नसते, असं माझं मत होतं. "हे कंटाळवाणं होतंय, काढून टाक," मी म्हणालो. त्याने ते काढलं आणि हार्ड डिस्क भरली म्हणून मूळ चित्रीकरणही पुसलं. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. तेराव्याला तो शांतपणे म्हणाला, "आईचं गुणगुणणं आता कुठेच नाही रे." मला मान वर करवेना. त्याने मला कधी दोष दिला नाही, पण त्यानंतरचं कुठलंच काम दाखवलंही नाही.