आईच्या जांभळ्या साडीची घडी

फॅशन येते नि जाते, पण गर्भरेशमी साडी कधी जुनी होत नाही, असं आई छातीठोकपणे सांगायची. माझा अजिबात विश्वास नव्हता. बाबांच्या बेलबॉटमची पायपुसणी मी स्वतः शिवली होती. माझ्या फुग्याच्या बाह्यांचीही तीच गत होणार, हे दिसत होतं.

आईची ती साडी जांभळी, हिरव्या काठाची. तिच्या लग्नात आजीने दिलेली. घडी मोडायची ती लेकीच्याच लग्नात, असं आईने मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं. नवीन पनवेलच्या आमच्या दमट घरात दर दिवाळीनंतर ती साडीला गॅलरीत वारा द्यायची, पण उलगडायची नाही. उलगडली म्हणजे घडी मोडली! मग पुन्हा तश्शीच मलमलच्या फडक्यात बांधून कपाटात.

नव्वदीच्या सुरुवातीला माझं लग्न ठरलं. लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या खोलीत आईने साडी उलगडली, तर घडीघडीवर रेशीम चिरलेलं. ती मटकन खाली बसली.

"राहू दे. मी ती शिफॉनची नेसते," म्हणाली. तिचा चेहरा बघवेना. मला तिचा, साडीचा, सगळ्यांचाच राग आला.

"हीच नेसायची," मी म्हटलं.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला आलेत, साड्या तपासायला नाही."

कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, अशा अवतारात मी सुईदोरा घेऊन बसले. पदराला मागून माझ्या ओढणीचं अस्तर लावलं, बाकीच्या चिरा निऱ्यांत दडवल्या, वर पिना टोचल्या. मावशी दारातून "भटजी थांबलेत!" म्हणून ओरडत होती. थांबू देत, म्हटलं.

वाकायचं नाही, हात वर करायचा नाही, अशी मी आईला तंबी दिली होती. दिवसभर ती ताठ वावरली. बायका काठ हातात घेऊन "कुठून घेतलीत हो?" विचारत होत्या आणि इकडे माझा जीव वर-खाली. तेवढ्यापुरतं आईचं म्हणणं खरं ठरलं खरं.

संध्याकाळी निघताना मी तिच्या पाया पडले. "आता जवळबिवळ घेऊ नकोस हं, उसवेल," मी बजावलं. तिने ऐकलं नाही. मला घट्ट कवटाळलं, तशी खांद्यापाशी साडी टर्रकन फाटली.

"आई, साडी!"

"फाटू दे," ती म्हणाली, आणि मिठी काही सोडली नाही.